चार मात्रा

मी नकला करायचो.
लोकांच्या नव्हे, नोटेशनच्या.
टेरेन्स मुर्झेलो पेन्सिलीने लिहायचा,
मी काळ्या शाईत उतरवायचो,
पहिल्या व्हायोलिनला एक पान, चेलोला एक,
ताडदेवच्या स्टुडिओत, पानाला आठ आणे.

सिनेमात गाडी दरीत कोसळली की ट्रम्पेट त्याचा.
पोट त्यावर.
पण माझगावच्या शाळेतला एक आयरिश ब्रदर,
मधल्या सुट्टीत पत्र्याची शिट्टी वाजवणारा,
त्याला काहीतरी सांगून गेला होता,
ते माशाच्या काट्यासारखं अडकलेलं:
आमच्याकडे गाणी चुलीपाशी मरत होती,
एका संगीतकाराने फिडलवाल्यांना स्वयंपाकघरातून उठवलं,
काळे कोट चढवले,
खुर्चीवर बसवलं.
"खुर्चीवर," मुर्झेलो दोनदा म्हणायचा,
आणि स्वतः उभाच राहायचा.

मग स्पूलचं यंत्र टॅक्सीत घालून कोळेकल्याणला.
दोमिनाबाय, एकाहत्तर वर्षांची,
लुगड्याच्या पदराला तपकिरीचे डाग.
पास्कोलच्या मांडीवर घुमट,
कातडं घोरपडीचं, त्याच्या आज्याने ताणलेलं.
लग्नाच्या आदल्या संध्याकाळचं, उंबराच्या पाण्याचं गाणं.
विहिरीवर म्युनिसिपालिटीचं झाकण होतं.
ती झाकणाकडे बघून गायली.

तिसऱ्या ओळीनंतर ती थांबायची.
चार मात्रा. कधी पाच.
घुमटही थांबायचं.
मुर्झेलोने चष्मा काढून पुसला.
अशी जागा, म्हणाला, शिकवून येत नाही रे.
आणि लिहिलं: सर्वांना विराम.
मी बावीस वाद्यांच्या बावीस पानांवर
चौथ्या रेषेला लोंबणारी ती छोटी काळी वीट काढली,
एकही शिंतोडा न उडवता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी
शब्द तपासायला मी एकटाच गेलो.
सहज विचारलं, बाय, इथं का थांबता?
ती हसली, तीन दातांनी.
"इमान जाते ना रं बाला, वरशी.
तवा कोन आयकंल?
पयले येवाचा तवा थांबाचो.
आता नाय आला तरी थांबतो."

परतताना बसमध्ये तो शब्द जिभेवर फिरवत होतो.
इमान.
माझ्या घरी त्याचा अर्थ वेगळा.

रात्री मुर्झेलोला सांगितलं.
त्याने खोडरबर मागितलं.
ते त्या जागेवर टेकवून बराच वेळ बसला,
सिगारेट बशीत आपली आपण संपली.
मग म्हणाला,
त्या चुलीपाशीसुद्धा कधी
कुणी दार वाजवलंच असेल.
खोडरबर मला परत दिलं, कोरं.

भायखळ्याच्या हॉलमध्ये दोमिनाबाय खुर्चीवर बसली.
पाय पोचेनात,
खाली दोन प्रार्थनेची पुस्तकं ठेवली,
तिने ती काढायला लावली. पाय लोंबतेच राहिले.
तिसरी ओळ.
बावीस गज हवेत.
पंखे घरघरत होते, कुणीतरी खोकलं,
आणि माणसं एकदम पुढे झुकली,
खाली पडलेलं काही शोधतात तशी.
फक्त दोमिनाबायने छताकडे बघितलं.

पेपरात आलं: प्राचीन मौनाचा शोध.
मी ते कात्रण ठेवलं नाही.
मुर्झेलोने पुन्हा गाड्या दरीत ढकलल्या,
मग एक दिवस स्वतःच गेला, झोपेत, सुराविना.

परवा कलिन्यात लग्न होतं.
विहिरीच्या जागी पार्किंग,
निळ्या पिंपातून पाणी काढलं.
घुमट होतं, पास्कोलचा नातू फायबरचं वाजवत होता.
मुली मोबाइलवरून शिकलेल्या, गोगलवाल्या, मोठ्या आवाजाच्या.
तिसरी ओळ झाली,
आणि सगळ्या गप्प.
वर आभाळ रिकामं.
हातात वडे-मटणाची कागदी बशी धरून
मी मोजत राहिलो.
चार.

एकीचं पाच झालं.